भरती पक्षी आणून देते: गोव्याच्या मिठागरांत आणि किनाऱ्यावर तुतारी-चिखल्यांचे फोटो कसे काढावेत

पक्ष्यांचे फोटो काढायला निघायचं ठरलं की मी आधी भिंतीवरच्या कालनिर्णयात तिथी बघते. कॅमेऱ्याची बॅटरी, कार्ड, लेन्स हे सगळं त्यानंतर. ही सवय मला मामंजींनी लावली. लग्न होऊन मी पेडणे तालुक्यात आले तेव्हा घरचं थोडं मिठागर होतं, आणि मामंजी खाजनाच्या मानशीवर मासे धरायचे. खाजन म्हणजे नदीच्या खाऱ्या पाण्याला बांध घालून राखलेली सखल जमीन, आणि मानस म्हणजे त्या बांधातला लाकडी दरवाजा. भरतीचं पाणी बाहेरून रेटलं की तो मिटतो, सुकती, म्हणजे ओहोटी, लागली की आतल्या पाण्याच्या जोराने उघडतो. मानशीवर काम करणाऱ्याला पाण्याची वेळ चुकवून चालत नाही. मामंजींकडे घड्याळ होतं, पण ते हिशेब तिथीनेच करायचे: तिथीची पाऊणपट काढायची, तेवढे वाजता पूर्ण भरती.

हे गणित कोकणात सगळीकडे माहीत आहे, तरी पक्षी बघायला येणाऱ्या नव्या मुलांना मी तेच पहिल्यांदा शिकवते. त्रयोदशी असेल तर तेराची पाऊणपट पावणेदहा. चतुर्दशीला साडेदहा, पौर्णिमेला किंवा अमावास्येला सव्वाअकरा. दिवसातून दोनदा भरती येते, म्हणून दुसरी साधारण साडेबारा तासांनी. दर दिवशी वेळ पाऊण तास ते पन्नास मिनिटं पुढे सरकते, पाऊणपट तिथूनच आली. अर्धापाऊण तास मागेपुढे होतो, तेव्हा मिनिटाचा हिशेब हवा असेल तर मुरगाव बंदराचा भरतीतक्ता बघा, मोबाईलवर सहज मिळतो. पण तिथीचं गणित डोक्यात असलं की महिनाभराची आखणी बसल्या जागी करता येते.

आता हे पक्ष्यांसाठी का महत्त्वाचं ते सांगते. तुतारी (सँडपायपर), चिखल्या (प्लोव्हर), पाणटिवळे (गॉडविट) ही सगळी मंडळी नदीच्या मुखाशी उघड्या पडणाऱ्या चिखलावर पोट भरतात. सुकतीला चिखल मैलभर पसरतो, पक्षीही त्यावर विखुरतात, आणि तुमच्या लेन्सला ते ठिपक्यांएवढे दिसतात. भरती चढायला लागली की चिखलाची पट्टी अरुंद होत जाते. पक्षी खात खातच मागे सरतात आणि काठाकडे येतात. शेवटी चिखल पूर्ण बुडाला की थव्याने उठून जवळच्या मिठागरात, खाजनातल्या उथळ पाण्यात किंवा वाळूच्या दांड्यावर जाऊन विसावतात. म्हणजे दिवसातून दोनदा समुद्र स्वतः पक्ष्यांना तुमच्याकडे ढकलत आणतो. तुम्ही त्या वेळी योग्य जागी आधीच बसलेले असायला हवं.

सकाळच्या कोवळ्या उन्हाशी हे जुळवून बघा. त्रयोदशी, चतुर्दशी, पौर्णिमा आणि त्यानंतरची प्रतिपदा (अमावास्येच्या बाजूलाही तेच) या दिवसांत पहाटे चार ते साडेपाचच्या सुमारास पाणी सर्वांत खाली असतं. तिथून चढताना मधले दोन-तीन तास ते सर्वांत वेगाने येतं, म्हणजे साधारण सात ते नऊ. ऊन तिरपं आणि सोनेरी, पाणी जोरात, पक्षी जवळ येणारे. शिवाय हे उधाणाचे दिवस, त्यामुळे चिखल खरोखर बुडतो आणि पक्ष्यांना हलावंच लागतं. अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे कमी जोराची भरती असते. पाणी अर्धवटच चढतं, कुठे ना कुठे चिखल उघडा राहतो आणि पक्षी पांगलेलेच राहतात. ज्यांना नोकरीमुळे संध्याकाळच मोकळी असते त्यांनी नवमी-दशमी धरावी. तेव्हा संध्याकाळी सात-साडेसातला भरती असते, म्हणजे चार ते सहा पाणी चढत असतं. जोर कमी, पण मिठागरांवर काम होऊन जातं.

कुठे बसायचं

माझी स्वतःची जागा आगरवाडा. नावातच आगर आहे. शापोरा नदीच्या काठची ही मिठागरं पावसाळ्यात पाण्याखाली असतात. पाऊस ओसरला की पाणी काढून बांध दुरुस्त करतात, चिखल पायांनी तुडवून खणांचा तळ घट्ट करतात, आणि मग खारं पाणी टप्प्याटप्प्याने आत घेतात. मीठ धरायला लागतं ते उन्हाळ्याच्या तोंडावर. पक्ष्यांच्या दृष्टीने सोन्याचे महिने त्याआधीचे, नोव्हेंबर ते जानेवारी, जेव्हा खणांत बोट-दोन बोटं पाणी असतं. लिटल स्टिंटसारखा वीस-पंचवीस ग्रॅमचा पक्षी त्याहून खोल पाण्यात उभाच राहू शकत नाही. लांब पायांच्या शेकाट्याला मात्र वीतभर पाणीही चालतं. म्हणून एकाच आगरात खणागणिक वेगळे पक्षी दिसतात. मीठ पिकायला लागलं की ते खण रिकामे होतात आणि पक्षी पाणी साठवण्याच्या मोठ्या खणांकडे सरकतात. मार्चमध्ये आलात तर तिकडे बघा.

एक गोष्ट कळकळीने सांगते. मिठागर ही कुणाची तरी शेती आहे. खणांमधली मेर ओल्या मातीची असते, तुमच्या बुटाने ती खचली तर दोन खणांचं पाणी एकमेकांत मिसळतं आणि कुणाची तरी दोन दिवसांची मेहनत जाते. आधी माणसाला शोधा, नमस्कार करा, विचारा. कोणत्या मेरेवरून चाललं तर चालेल हे तेच सांगतील, आणि आज पक्षी कुठल्या कोपऱ्यात आहेत हेही त्यांनाच सर्वांत आधी ठाऊक असतं. मामंजींना तुतारी आणि चिखल्या यांतला फरक सांगता येत नसे, सगळी ‘सवणीं’च, म्हणजे नुसते पक्षी. पण कुठल्या खणात किती वाजता बसतात हे ते झोपेत सांगत.

मोरजीला, शापोऱ्याच्या मुखाशी तेंबवाड्याच्या बाजूला, वाळूचा दांडा आहे. भरतीला तिथे कुरव (गल) आणि सुरय (टर्न) शेकड्यांनी बसतात. तपकिरी डोक्याचे कुरव जास्त, त्यांत एखादा जाडजूड पॅलासचा कुरव उठून दिसतो. त्यांच्या पायांशी वाळूत बसकण मारलेले छोटे चिखल्या असतात, ते पहिल्या नजरेत दिसतच नाहीत. किनारा पश्चिमेला तोंड करून आहे, त्यामुळे सकाळी सूर्य तुमच्या पाठीशी आणि पक्षी समोर, हा मोठा फायदा. पण साडेसातपर्यंत झाडांची सावली वाळूवर असते, तेवढा वेळ पक्षी बघण्यात घालवा. आठनंतर पर्यटक आणि कुत्री फिरायला लागतात, म्हणजे खरा वेळ अर्ध्या तासाचाच. या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. वनखात्याने कुंपण घातलेल्या भागात शिरू नका आणि वाळूवर गाडी मुळीच नेऊ नका.

शिरदोन मला आवडतं ते चिखल आणि खडक एकत्र मिळतात म्हणून. जुवारीच्या मुखाशी सुकतीला मोठा पट्टा उघडा पडतो. खडकांवर कालवं असतात, त्यांच्या धारेने पाय कापतो, तेव्हा अनवाणी जाऊ नका.

रायबंदरच्या मिठागरांची मात्र मला दरवेळी खंत वाटते. पणजीहून रायबंदरला जाणारा तो लांब बांधरस्ता १६३० च्या दशकातला, एका बाजूला मांडवी, दुसऱ्या बाजूला आगर. बसच्या खिडकीतून शेकाट्ये दिसतात अशी दुसरी राजधानी कुठे असेल! आता बरेच खण पडीक आहेत, कांदळ वाढतंय. फोटोसाठी जागा अवघड आहे. आगर रस्त्याच्या दक्षिणेला, आणि हिवाळ्यात सूर्यही दिवसभर दक्षिणेकडेच कललेला, म्हणून ऊन बहुतेक वेळ डोळ्यांवर येतं. वाहतूक तर इतकी की गाडी थांबवणं धोक्याचं. दुर्बीण घेऊन, कडेने पायी जाऊन बघा.

चोडणचं डॉ. सलीम अली अभयारण्य कांदळवनासाठी आणि होडीतून दिसणाऱ्या खंड्यांसाठी जरूर करा. तुताऱ्या तिथे मिळतात, पण आपल्या कामाला ती पहिली जागा नव्हे. करमळीचं तळं गोड्या पाण्याचं, तिथली मंडळी वेगळी.

आधी पाय, मग चोच, मग चाल

नवीन माणूस घाबरतो तो इथे. हिवाळ्यात हे सगळे पक्षी वरून करडे-तपकिरी, खालून पांढरे. पुस्तक उघडलं की सगळी चित्रं सारखी वाटतात. मी शाळेत चौथीच्या मुलांना शिकवते, त्यांना घेऊन गेले की रंग विसरायला सांगते आणि एका वेळी एकच प्रश्न विचारते.

पहिला प्रश्न पायांचा. लालभडक पाय आणि लाल बुडाची चोच असेल तर रेडशँक. हिरवट पाय आणि किंचित वर वळलेली जाड चोच असेल तर ग्रीनशँक. लांबच लांब गुलाबी पाय, काळे पंख, पांढरं अंग म्हणजे शेकाट्या, त्यात चूक होत नाही. दोन अगदी छोटे पक्षी शेजारी शेजारी दिसले, एकाचे पाय काळे आणि दुसऱ्याचे पिवळट, तर काळ्या पायांचा लिटल स्टिंट आणि पिवळ्या पायांचा टेमिंकचा स्टिंट. पण थांबा. आगरातला चिखल पायांना लागला की सगळेच पाय काळे दिसतात. पक्षी पाण्यातून चालून जाईपर्यंत वाट बघा, पाय धुतले जातात.

दुसरा प्रश्न चोचीचा. डोक्याच्या मानाने चोच किती लांब आणि कुठे वळते? पाणटिवळ्याची सरळ आणि खूप लांब, कर्ल्यूची कोयत्यासारखी खाली वाकलेली, टेरेक सँडपायपरची वर वळलेली. मार्श सँडपायपरची चोच सुईसारखी बारीक. चिखल्यांची मात्र आखूड आणि जाडसर, कारण त्यांची खाण्याची रीतच निराळी.

ती रीत म्हणजे तिसरा प्रश्न, आणि फोटो काढणाऱ्याला सर्वांत उपयोगी तोच. चिखल्या डोळ्यांनी शिकार करतो. चार पावलं तुरुतुरु पळतो, गपकन थांबतो, बघतो, टोचतो, पुन्हा पळतो. त्याचे डोळे त्यासाठीच मोठे असतात. तुतारी आणि पाणटिवळे स्पर्शाने शोधतात. त्यांच्या चोचीच्या टोकाला स्पर्श ओळखणारे सूक्ष्म खळगे असतात, आणि यांच्यापैकी पुष्कळांना बाकीची चोच मिटलेली ठेवून नुसतं टोक उघडता येतं, म्हणून चिखलात खोल गेलेली चोच तिथल्या तिथे किडा पकडते. याचा अर्थ असा की चिखल्याचा फोटो त्याच्या थांबण्यात मिळतो. तो पळत असताना बटण दाबत बसू नका, थांबला की अर्ध्या सेकंदात दाबा. तुतारीचा फोटो चोच चिखलातून बाहेर येते त्या क्षणी मिळतो. तेव्हा टोकाला किडा असतो, आणि कधी कधी पाण्याचा थेंबही.

साधी तुतारी, म्हणजे कॉमन सँडपायपर, शेपटी सतत वरखाली हलवते. एवढ्यावरून ती शंभर फुटांवरून ओळखू येते. खांद्याजवळ पांढऱ्या रंगाची पट्टी वर चढलेली असते तीही बघून ठेवा.

चिखल्यांतला अवघड भाग म्हणजे लेसर आणि ग्रेटर सँड प्लोव्हर. मी अजूनही दर हिवाळ्यात दोन-चार पक्षी नाव न देता सोडते. चोच लांब आणि टोकदार, पाय फिकट हिरवट असतील तर ग्रेटरकडे झुकावं. चोच आखूड आणि बोथट, पाय गडद असतील तर लेसर. केंटिश चिखल्या यांच्यापेक्षा लहान, त्याच्या मानेमागे पूर्ण पांढरी कॉलर असते, यांना ती नसते. लेसरची आता दोन जातींत विभागणी झाली आहे, आणि आपल्या पश्चिम किनाऱ्यावर येतात ते मुख्यतः तिबेटी. म्हणजे मोरजीच्या वाळूत बसलेला हा मूठभर पक्षी उन्हाळ्यात तिबेटच्या पठारावर पिल्लं वाढवतो. कर्ल्यू सँडपायपर तर सैबेरियाच्या उत्तर टोकावरून येतो. २०२४ मध्ये त्याची नोंद असुरक्षित जातींत झाली.

आवाजही शिका. ग्रीनशँकची एकसारखी ‘ट्यू-ट्यू-ट्यू’ आणि व्हिम्ब्रेलच्या (हा कर्ल्यूचा लहान भाईबंद) सलग सात शिट्या, एवढे दोन पाठ झाले तरी डोक्यावरून गेलेला पक्षी न बघता लिहिता येतो.

बसणं

पहिल्या दोन वर्षांतले माझे जवळजवळ सगळे फोटो पाठमोरे, उडून जाणाऱ्या पक्ष्यांचे आहेत. मी चालत जायची. हळूच, वाकून, पण पक्ष्याच्या दिशेने. एका डिसेंबरात खणाच्या कोपऱ्यात साठेक पाणटिवळे झोपले होते, चोच पाठीच्या पिसांत खुपसून, एका पायावर. मी त्यांना एका सकाळी तीनदा उठवलं. तिसऱ्यांदा ते नदीपार गेले आणि आले नाहीत. मामंजी बांधावर बसून बघत होते. घरी येऊन म्हणाले, “रात्रभर पाणी उतरायची वाट बघून खाल्लं, आता झोपायला आलेत. तू त्यांना झोपू दिलं नाहीस.” तेव्हापासून मी पक्ष्याकडे चालत गेलेले नाही.

आता करते ते असं. भरतीच्या तीन तास आधी जागेवर पोचते. पाणी कुठपर्यंत येणार हे बांधावरच्या ओल्या रेषेवरून कळतं. त्या रेषेपासून वीस-पंचवीस पावलं मागे, सूर्य पाठीशी घेऊन, जमिनीवर बसते. उभा माणूस पक्ष्याला आकाशाच्या कडेवर दिसतो, बसलेला माणूस बांधाचा भाग होतो. कपडे मातकट, टोपी मळकी हिरवी. पहिला अर्धा तास कॅमेरा डोळ्याला लावत नाही. तेवढ्यात पक्षी मला धरून चालतात. मग लेन्स उचलायची तीही हळू, पक्ष्याने डोकं खाली घातलं असेल तेव्हा.

पक्षी अस्वस्थ झाल्याची पहिली खूण म्हणजे खाणं थांबणं. माना वर होतात, सगळे एका दिशेला तोंड करतात, काही जण शांतपणे चालत लांब जायला लागतात. रेडशँक डोकं वरखाली झटकायला लागला की समजा, आता तो ओरडणार. तो आगराचा राखणदार आहे, त्याच्या एका आवाजाने दोनशे पक्षी उठतात. इतक्यावर थांबा. हलू नका, लेन्स खाली करा. बहुतेक वेळा दोन मिनिटांत माना परत खाली जातात. नाही गेल्या तर दहा पावलं मागे सरका. मार्च-एप्रिलमध्ये ही काळजी दुप्पट घ्यायला हवी, कारण तेव्हा ते लांबच्या प्रवासासाठी अंगात चरबी साठवत असतात आणि प्रत्येक उड्डाण त्यातलंच खातं.

मोबाईलवर आवाज वाजवून पक्षी बोलावणं, थवा उडतानाचा फोटो हवा म्हणून टाळी वाजवणं, ड्रोन सोडणं, हे करू नका. थवा उठतोच. आकाशात ससाणा किंवा मोरघार आली की उठतो, आणि तेव्हा तुमचा कॅमेरा तयार असला पाहिजे.

चिखलाविषयी सावध करते. खाडीचा चिखल वरून घट्ट दिसतो आणि गुडघ्यापर्यंत गिळतो. शापोऱ्याच्या काठाला एकदा माझा पाय असा रुतला, पाणी चढत होतं, आणि होडीतल्या एका काकांनी वल्हं आडवं टाकलं म्हणून मी त्यावर भार देऊन निघाले. चिखलपट्टीवर उतरायचंच नाही. बांध आणि वाळू, एवढ्यावरच राहा. आणि कुठे गेलात ते घरी सांगून जा.

कॅमेरा

दुर्बीण आधी घ्या, कॅमेरा नंतर. ८ बाय ४२ ची साधी दुर्बीण तुम्हाला पक्षी दाखवेल, कॅमेरा तो पक्षी फक्त साठवेल. सुरुवात मी मोठ्या झूमच्या ब्रिज कॅमेऱ्याने केली, आणि ओळख पटवण्यापुरते फोटो त्यावर उत्तम येतात. आता १५० ते ६०० मिलिमीटरची लेन्स आहे. याहून महाग काही लागतं असं मला वाटत नाही. भरती सांभाळलीत तर ४०० मध्येही काम होतं.

सगळ्यांत मोठा फरक पडतो तो उंचीने. उभ्याने काढलेल्या फोटोत पक्ष्यामागे चिखल येतो, करड्यावर करडा. पोटावर झोपून, लेन्स जमिनीपासून वीतभर वर ठेवून काढलात तर मागची पाण्याची सपाटी धूसर होते आणि पक्षी एकटा उठून दिसतो, डोळ्याला डोळा भिडतो. तिपाई इथे निरुपयोगी. मी घरातला जुना, बसक्या कडांचा फ्रायपॅन वापरते. त्यात तांदळाची छोटी पिशवी, तिच्यावर लेन्स. वाळूवर, ओल्या मातीवर तो सरकवता येतो आणि लेन्सला पाणी लागत नाही. खाली प्लास्टिकचं जाड कापड अंथरा.

शटर चरणाऱ्या पक्ष्यासाठी १/१०००, उडणाऱ्यासाठी १/२५०० किंवा जास्त. ॲपर्चर ७.१ च्या आसपास, आयएसओ कॅमेऱ्यावर सोडते, पण वरची मर्यादा घालून. उजेडाची दुरुस्ती (एक्स्पोझर कॉम्पेन्सेशन) मात्र हातात ठेवा. शेकाट्या आणि कुरव उन्हात पांढरेफटक जळतात, त्यांच्यासाठी दोन-तृतीयांश स्टॉप खाली. आकाशावर उडणारा पक्षी काळा पडतो, त्याच्यासाठी एक स्टॉप वर. फोकस नेहमी डोळ्यावर, आणि सूर्याची ठिणगी डोळ्यात येईपर्यंत वाट बघा. पक्ष्याने मान किंचित तुमच्याकडे वळवली की ती येते.

साडेनऊनंतर आगरावर हवा थरथरायला लागते. लांबच्या पक्ष्याच्या कडा विरघळलेल्या दिसतात आणि कुठलीही लेन्स ते दुरुस्त करू शकत नाही. नवी मुलं समजतात लेन्स खराब आहे. लेन्स ठीक असते, उशीर झालेला असतो. तेव्हा कॅमेरा बंद करून मोजणी करा.

खारी हवा यंत्राला खाते. किनाऱ्यावर लेन्स बदलू नका. घरी आल्यावर गोड्या पाण्यात भिजवून पिळलेल्या कापडाने कॅमेरा आणि लेन्सचं बाहेरचं अंग पुसा, मग कोरड्या कापडाने. नुसतं कोरडं कापड फिरवलं तर मिठाचे कण ओरखडे काढतात.

केव्हा यावं आणि काय लिहून ठेवावं

पहिले पक्षी ऑगस्टमध्ये, पाऊस असतानाच येतात. आधी मोठे, उन्हाळी रंगाचे झिजलेले तुकडे अंगावर घेऊन. नंतर त्याच वर्षी जन्मलेली पिल्लं येतात, त्यांच्या पाठीवरच्या प्रत्येक पिसाला नाजूक फिकट कड असते, फोटोला फार सुंदर. डिसेंबर-जानेवारीत संख्या भरपूर, रंग करडे. आणि एप्रिल! एप्रिलमध्ये उकाडा सोसवत नाही, बरेच लोक येणं थांबवतात, पण तेव्हाच कर्ल्यू सँडपायपर विटकरी लाल होतो आणि सँड प्लोव्हरच्या छातीवर तांबूस पट्टा चढतो. पंधरवडाभरात ते निघून जातात. वर्षातून एकच आठवडा सुट्टी मिळत असेल तर मी एप्रिलचा पहिला आठवडा आणि त्याच्या जवळची पौर्णिमा किंवा अमावास्या सुचवीन.

वही ठेवा. तारीख, तिथी, भरतीची वेळ, जागा, कुठला पक्षी किती, आणि पाणी कुठल्या रेषेला असताना थवा कुठून कुठे उठला. माझ्या वहीतली शेवटची नोंदच मला पुढच्या वर्षी कुठे बसायचं ते सांगते. आकडे ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाका म्हणजे इतरांच्या कामाला येतील. जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना असते, तिथे मोजणाऱ्यांच्या शेजारी एक सकाळ बसलात तर पुस्तकाच्या दहा वाचनांपेक्षा जास्त शिकाल.

आणि घरी फोटो उघडलात की प्रत्येक पक्ष्याचे पाय मोठे करून बघा. कधी एखाद्या पायात धातूचं कडं किंवा रंगीत पताका असते. असा पक्षी दिसला तर कुठल्या पायात, गुडघ्याच्या वर की खाली, पताकेचा रंग कोणता, तिच्यावर अक्षरं कुठली, हे सगळं लिहून फोटोसकट मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीला कळवा. १९५९ पासून ते पक्ष्यांना कडी घालत आले आहेत. फोटो धूसर असला तरी पाठवा, दोन अक्षरं वाचता आली तरी त्यांना पुरतात.